जुनी नौका, नवा हंगाम

हिशेबशास्त्राने घसारा नावाची एक शहाणी तरतूद करून ठेवली आहे. यंत्र असो, मोटार असो वा पेढीवरचे कपाट असो, काळाने आणि वापराने प्रत्येक वस्तू झिजते, म्हणून दरसाल तिची किंमत थोडी कमी धरायची. असे करता करता एक दिवस ती वस्तू वहीत एक रुपयावर येऊन थांबते. तो रुपया ठेवायचा तोही केवळ वस्तू अजून अस्तित्वात आहे याची नोंद राहावी म्हणून. मात्र वहीत एक रुपयाला उतरलेली वस्तू प्रत्यक्षात किती कामाची आहे, हे घसाऱ्याचे कोष्टक सांगू शकत नाही. ते पाहणीतून कळते, देखभालीतून ठरते आणि वापरातून सिद्ध होते. निवृत्तीच्या वयातील माणूस आपली जुनी शिडाची नौका नव्या हंगामासाठी तयार करतो, तेव्हा हे सत्य जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल.

इंग्लंडसारख्या थंड देशात अशा नौकांचा हंगाम साधारण एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत असतो. हिवाळा आला की नौका क्रेनने उचलून किनाऱ्यावरच्या आवारात टेकूंवर उभ्या करतात. फेब्रुवारी-मार्चची थंडी ओसरू लागली की त्या आवारांत हालचाल सुरू होते. जुने कपडे घातलेली, हाती घासकागद आणि पाने घेतलेली साठी-सत्तरीची माणसे तेथे सर्रास दिसतात. कोणी शिक्षक होते, कोणी डॉक्टर, कोणी कार्यालयात आयुष्य घालवलेले. नोकरीच्या काळात नवी नौका परवडत नव्हती आणि जुनी दुरुस्त करायला वेळ नव्हता. निवृत्तीने वेळ दिला, पण तोपर्यंत नौकेचे वय तीस-चाळीस झालेले आणि मालकाचे गुडघे कुरकुरू लागलेले. दोन झिजलेल्या गोष्टींनी एकमेकींना सांभाळून समुद्रावर जायचे, असा हा व्यवहार आहे.

या व्यवहारातील सर्वांत प्रसिद्ध जोडी मुंबईशी नाते सांगणारी आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हे ब्रिटिश व्यापारी जहाजावरील तरुण अधिकारी होते. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी मुंबईत, कुलाब्याच्या कारखान्यात, स्वतःसाठी बत्तीस फुटी सागवानी नौका बांधून घेतली. भारतीय सुतारांनी वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता अशा पिढीजात हत्यारांनी ती घडवली. १९६४ च्या डिसेंबरात नारळ फोडून तिला पाण्यात सोडले. आखाती समुद्रातील अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला ज्या नावाने ओळखतात, ते ‘सुहैली’ हे नाव तिला मिळाले. हीच नौका घेऊन ते १४ जून १९६८ रोजी इंग्लंडमधील फालमथ बंदरातून एकटेच निघाले आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, त्याच बंदरात परतले. एकट्याने, विनाथांबा पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले मानव ठरले. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. शेवटपर्यंत पोहोचले ते एकटे.

या प्रवासातील एक प्रसंग नौकेच्या देखभालीचा सारा धडा सांगून जातो. प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यात, अटलांटिक महासागरात, नौकेत पाणी येऊ लागले. बुडाचा कणा आणि फळ्या यांच्या सांध्यात फट पडली होती. किनारा दूर, मदतीला कोणी नाही. नॉक्स-जॉन्स्टन यांनी पाण्यात उतरून, श्वास कोंडून, बुड्या मारमारून ती फट बुजवली. कापसाचा पीळ कॅनव्हासच्या पट्टीवर शिवून तो तांब्याच्या बारीक खिळ्यांनी सांध्यावर बसवला आणि त्यावर तांब्याचा पत्रा ठोकला. डेकवरचा चकचकीत रंग त्या दिवशी काही कामाचा नव्हता. नौकेचा जीव अडकला होता तो कोणाला न दिसणाऱ्या, पाण्याखालच्या एका सांध्यात.

म्हणूनच जाणता माणूस जुन्या नौकेची तयारी नेहमी तळापासून सुरू करतो. प्रथम बूड स्वच्छ धुवायचे, खरवडायचे आणि मग हातोडीने हलके ठोकत जायचे. निरोगी लाकूड खणखणीत वाजते, कुजलेले लाकूड बद्द आवाज देते. नौका फायबरग्लासची असेल तर ओल मोजणारे उपकरण लावायचे. वजनदार कणा ज्या बोल्टांनी नौकेला जखडलेला असतो, त्यांच्याभोवती गंजाचे ओघळ दिसतात का, हे पाहायचे. समुद्राचे पाणी आत-बाहेर नेण्यासाठी बुडाला भोके असतात व त्यांवर झडपा असतात. त्यांतील प्रत्येक झडप हाताने उघडून-मिटून पाहायची. पितळेच्या काही झडपा खाऱ्या पाण्यात आतून पोखरल्या जातात. रंग लालसर गुलाबी दिसू लागला की धातूचा कस गेला असे समजावे. झडपेला जोडलेली रबरी नळी निसटली, तर शांत बंदरात उभी असलेली नौकासुद्धा तासाभरात बुडू शकते. म्हणून अशा प्रत्येक झडपेजवळ लाकडाचा एक निमुळता खुंटा दोरीने बांधून ठेवण्याची जुनी पद्धत आहे. नळी तुटली तर तो खुंटा भोकात ठोकायचा. खुंट्याची किंमत फारच थोडी, पण त्याच्या भरवशावर सारी नौका असते.

बुडाला जस्ताचे छोटे ठोकळे लावतात. खाऱ्या पाण्यात वेगवेगळे धातू एकत्र आले की त्यांतील दुर्बळ धातू झिजू लागतो. नौकेचा पंखा, त्याचा दांडा, सुकाणूची बिजागरी झिजू नये म्हणून जस्त स्वतः झिजते. हंगामाच्या शेवटी ते निम्मे विरघळलेले दिसले तर समाधान मानायचे, कारण त्याने आपले काम केले आहे. ते मुळीच झिजले नसेल तर चिंता करायची, कारण मग ठोकळ्याची जोडणी तुटली आहे आणि दुसरेच काहीतरी झिजते आहे. घरातील ज्येष्ठांचे मोल जाणणाऱ्यांना या ठोकळ्याविषयी अधिक सांगणे नको.

तळानंतर डोलकाठी. तिला उभी धरणाऱ्या पोलादी तारा बाहेरून वर्षानुवर्षे झळाळत राहतात आणि एके दिवशी अकस्मात तुटतात. दोष बहुधा तारेच्या मध्यावर नसतो, तो टोकाला, जोडाच्या आत दडलेला असतो. म्हणून साधारण दहा ते पंधरा वर्षांनी, दिसायला चांगल्या असल्या तरी, त्या बदलाव्यात असा संकेत आहे. शिडांचे कापड टिकते, पण उन्हाने शिवण आधी जाते. नखाने खेचून पाहिल्यावर दोरा तुटला तर सारी शिवण पुन्हा घालायची. इंजिनात थंड पाणी खेचणारा रबराचा छोटा पंखा असतो, तो दरवर्षी नवा घालायचा. डिझेलच्या टाकीच्या तळाशी साठलेले पाणी काढायचे. शेवटी सुरक्षेच्या वस्तू: जीवरक्षक जाकिटांतील वायूच्या नळकांड्या, तराफा, संकटात सोडायचे दारूचे बाण. या साऱ्यांवर मुदत छापलेली असते आणि मुदत टळलेली वस्तू ही मुदत टळलेल्या विम्यासारखीच असते.

व्यापारी घराण्यांतील वाचकांच्या मनात येथे खर्चाचा प्रश्न आला असेलच. पाश्चात्त्य नौकामालकांत एक ढोबळ ठोकताळा आहे की, नौकेच्या किमतीच्या सुमारे एक दशांश रक्कम दरवर्षी तिच्या देखभालीला लागते. नव्या नौकेला तो बऱ्यापैकी लागू पडतो. जुन्या नौकेच्या बाबतीत मात्र तो पार कोलमडतो. कारण नौका जुनी झाली म्हणून स्वस्त मिळाली, तरी तिला लागणारी नवी तार, नवे शीड, नवा झडपसंच हे सर्व आजच्याच भावाने घ्यावे लागते. खरेदीत वाचलेले पैसे पहिल्या दोन हंगामांत निघून जातात आणि मालकाला वाटते, आपण फसलो. तो फसलेला नसतो. त्याने भांडवली खर्च आणि चालू खर्च एकाच खात्यात धरलेला असतो, इतकेच.

म्हणून खर्चाचा क्रम आधी कागदावर मांडणे श्रेयस्कर. पाणी बाहेर ठेवणाऱ्या गोष्टी पहिल्या. डोलकाठी उभी ठेवणाऱ्या दुसऱ्या. दिशा आणि गती देणाऱ्या, म्हणजे सुकाणू आणि इंजिन, तिसऱ्या. मग झोपण्या-स्वयंपाकाच्या सोयी आणि अगदी शेवटी रंगरंगोटी. अनेक हौशी मालक नेमका उलटा क्रम धरतात, कारण रंग दिसतो, शेजारी त्याची तारीफ करतात. बोल्टची तारीफ कोणी करत नाही. दुसरी गोष्ट पाहणीची. तारण घेण्यापूर्वी मूल्यांकन त्रयस्थाकडून करून घेतात, कारण कर्ज मागणाऱ्याला स्वतःच्या मालमत्तेत दोष दिसत नाही. जुन्या नौकेवर जीव जडलेल्या मालकाचेही तसेच असते. त्याने दर काही वर्षांनी अनोळखी, जाणकार तपासनीसाकडून नौका पाहून घ्यावी आणि त्याचा अहवाल कटू असला तरी मानावा. काही नौका खरोखरच दुरुस्तीपलीकडे गेलेल्या असतात. त्यांच्यावर निवृत्तीची पुंजी लावणे ही निष्ठा ठरत नाही. बुडीत खात्यात नवी रक्कम घालण्यासारखेच ते आहे.

नौकेच्या तपासणीइतकीच मालकाची तपासणी महत्त्वाची. चाळिशीत जे शीड एका हाताने खेचता येई, त्यासाठी सत्तरीत कप्पी लागते. शहाणा माणूस याची खंत करत बसत नाही, तो नौका बदलत्या शरीराच्या मापाची करतो. शिडे थोडी लहान करतो, नांगर उचलायला विजेवर चालणारे यंत्र बसवतो, डेकवर हात धरायला जागोजागी कठडे लावतो, रात्रीचे लांब प्रवास टाळून दिवसाउजेडी गाठता येतील अशी बंदरे निवडतो. पती-पत्नी मिळून जात असतील तर दोघांपैकी एकाला अपघात झाल्यास दुसऱ्याला एकट्याने नौका बंदरात आणता येते का, याची तालीम हंगामाआधीच करून घेतात. ज्या घरात सर्व व्यवहार एकालाच माहीत असतात, त्या घरातील अडचणी व्यापारी कुटुंबांनी पाहिलेल्या असतीलच. नौकेवर त्या अडचणीला वेळ मिळत नाही.

ज्याँ-लुक व्हॅन डेन हीड या फ्रेंच नाविकाचे उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. पेशाने ते गणिताचे शिक्षक होते. १९६८ च्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली म्हणून २०१८ मध्ये जुन्या पद्धतीची पृथ्वीप्रदक्षिणेची शर्यत पुन्हा भरवली गेली. १९८८ पूर्वीच्या आराखड्याच्याच नौका तीत चालणार होत्या, म्हणजे तयारी हाच निम्मा डाव होता. व्हॅन डेन हीड यांनी छत्तीस फुटी जुन्या घाटाची नौका निवडली आणि थोडा वेग कमी झाला तरी चालेल, पण काठी मजबूत राहावी म्हणून तिची डोलकाठी मुद्दाम आखूड करून घेतली. दक्षिण पॅसिफिकमध्ये एका प्रचंड लाटेने नौका उलटीपालटी केली, तेव्हा तारा आणि डोलकाठी यांचा जोड खाली सरकला. ते स्वतः काठीवर चढले आणि दोर आवळून त्यांनी तो जोड तात्पुरता सावरला. मग वेगाचा मोह आवरत, जपून नौका हाकत, जानेवारी २०१९ मध्ये ते पहिले आले. त्यांचे वय तेव्हा ७३ वर्षे होते.

त्याच शर्यतीत भारतीय नौदलातील अभिलाष टॉमी हे सुहैलीच्याच धर्तीवर गोव्यात बांधलेली ‘तुरीया’ नौका घेऊन उतरले होते. सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागरातील वादळात त्यांची डोलकाठी मोडली, पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली आणि अखेर फ्रेंच जहाजाने त्यांची सुटका केली. त्यांना पुन्हा चालायला शिकावे लागले. पुढे नौदलातून निवृत्त झाल्यावर त्यांनी त्याच शर्यतीच्या पुढील फेरीसाठी जुन्या घाटाचीच दुसरी नौका तयार केली आणि एप्रिल २०२३ मध्ये प्रदक्षिणा पुरी करून दुसरा क्रमांक मिळवला. दुरुस्त झालेली नौका आणि दुरुस्त झालेला कणा, दोन्ही त्या प्रवासात एकत्र होते.

नव्या हंगामासाठी नौका सज्ज करणे ही कल्पना आपल्या किनाऱ्याला परकी नाही. मोटारी आणि आगगाड्या येण्यापूर्वी कोकण, मुंबई, कच्छ आणि मलबार यांच्यातील व्यापार मचवे आणि फत्तेमाऱ्यांवर चाले. पावसाळ्याच्या तोंडावर ही गलबते किनाऱ्यावर ओढून घेत, झापांनी शाकारत, फटींत कापूस ठासून तेल-राळ चोपडत. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण झाला की पुन्हा वाहतुकीचे वेध लागत. दर्याला मान देण्याआधी घरची डागडुजी पुरी झालेली असे, हा त्या सणामागचा व्यवहार विसरण्यासारखा नाही.

आता सुहैलीची उरलेली कहाणी. पृथ्वीप्रदक्षिणेनंतरही ती कामात होती. १९९१ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन गिर्यारोहक ख्रिस बॉनिंग्टन यांना घेऊन तिच्यातून ग्रीनलंडला गेले. पुढे तिला मानाची जागा मिळाली. लंडनमधील ग्रीनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयात ती ठेवण्यात आली. तेथे ऊन नव्हते, वादळ नव्हते, मीठ नव्हते. हवा कोरडी आणि तापमान नियंत्रित. आणि त्या सुरक्षित जागेतच तिचे हाल सुरू झाले. कोरड्या हवेत सागवानी फळ्या आकसू लागल्या, सांधे उघडू लागले. दक्षिण महासागराच्या लाटांना जी नमली नाही, ती आरामाने मोडकळीला येऊ लागली. २००२ मध्ये नॉक्स-जॉन्स्टन यांनी तिला तेथून बाहेर काढले आणि पुन्हा समुद्रावर जाण्यासाठी तिची दुरुस्ती हाती घेतली.

पुढच्याच वर्षी त्यांच्या पत्नी सुझान यांचे कर्करोगाने निधन झाले. साठी ओलांडलेला, जगभर कीर्ती मिळालेला माणूस अशा वेळी सन्मानाच्या खुर्चीत बसून राहिला असता तरी कोणी दोष दिला नसता. ते पुन्हा समुद्रावर गेले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या आणखी एका शर्यतीत, या वेळी नव्या बनावटीच्या वेगवान नौकेतून, भाग घेऊन २००७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, ती त्यांनी पूर्ण केली. सुहैलीचे कामही त्यांनी सोडले नाही. १४ जून २०१८ रोजी, पहिल्या प्रस्थानाला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ७९ वर्षांचे नॉक्स-जॉन्स्टन फालमथच्या पाण्यात सुहैलीच्या सुकाणूवर होते.

लाकडी नौकेचा एक गुण तिच्या बांधणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. हिवाळाभर किनाऱ्यावर सुकलेली नौका वसंतात पाण्यात सोडली की पहिल्या दिवशी ती गळते. नवखा मालक घाबरतो. अनुभवी मालक पंप लावून ठेवतो, रात्री दोन वेळा उठून पाणी किती चढले ते पाहतो आणि वाट बघतो. कारण पाणी शिरता शिरता फळ्या ते पिऊन फुगतात, एकमेकींना घट्ट भिडतात आणि दोन-तीन दिवसांत गळती आपोआप थांबते. ज्या पाण्याची भीती वाटत होती, त्याच पाण्याने सांधे मिटतात. मात्र त्यासाठी फळ्या मुळात निरोगी असाव्या लागतात, फटींतला कापूस वेळेवर भरलेला असावा लागतो, आणि पहिल्या दोन रात्री जागायची तयारी असावी लागते. एवढे केलेले असेल, तर वहीत एक रुपयाला उतरलेली नौकाही पुढचा हंगाम समुद्रावर काढते.